गाउट आणि खाडीकाठचे ताट : यूरिक ॲसिड वाढल्यावर जेवणात नेमके काय बदलावे

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, बेलापूर या पट्ट्यात कुणाच्या पायाचा अंगठा रात्रीतून सुजून लाल झाला, त्यावर चादरीचा स्पर्शही सोसवेना आणि रक्ततपासणीत यूरिक ॲसिड वाढलेले निघाले, की त्या घरात दुसऱ्याच दिवशी एक ठरलेली यादी लागू होते. तूरडाळ बंद, पालक आणि टोमॅटो बंद, दही-ताक बंद, आंबट म्हणून लिंबूही बंद. त्याच घरात रविवारी सुकट भाजली जाते, हळदीच्या जेवणात मटणाचा रस्सा वाट्यांनी प्यायला जातो आणि उन्हातून आल्यावर उसाचा रस किंवा थंड पेय घेतले जाते. त्याबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही. ही यादी बहुतांशी उलटी आहे. रुग्णाला खरा उपयोग व्हायचा असेल, तर डाळ आणि ताक परत ताटात आले पाहिजे आणि सुकी मासळी, कलेजी, बिअर व साखरेची पेये यांच्याकडे लक्ष वळले पाहिजे.

पथ्याआधी निदान

यूरिक ॲसिड वाढलेले असणे आणि गाउट, म्हणजे त्याचे स्फटिक सांध्यात साचून सांधा सुजण्याचा आजार, असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीच्या आरोग्य शिबिरात किंवा तपासण्यांच्या एखाद्या पॅकेजमध्ये आकडा ७.२ (दर डेसिलिटर रक्तामागे मिलिग्रॅम) आला, परंतु सांधा कधीच सुजलेला नाही, अशी माणसे पुष्कळ असतात. त्यांना गाउट झालेला नसतो आणि बहुतेकांना त्यासाठी औषधही लागत नाही. याउलट, ऐन दुखण्याच्या दिवसांत रक्तातील यूरिक ॲसिड तात्पुरते उतरून तपासणीत सामान्यही येऊ शकते. म्हणून अंगठा सुजलेला असताना अहवाल चांगला आला, तरी दुखणे शमल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. सर्वांत खात्रीचा पुरावा म्हणजे सांध्यातील पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक पाहणे होय. सांधा सुजलेला आणि सोबत थंडी-ताप असेल, तर घरी पथ्य करत बसू नये. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि तो त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहायला हवा.

प्युरिन हा प्रत्येक पेशीतील घटक आहे. त्याचे विघटन झाले की यूरिक ॲसिड तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते आणखी मोडणारे युरिकेज नावाचे विकर असते. माणसात ते नाही, त्यामुळे यूरिक ॲसिड बाहेर टाकण्याची मुख्य जबाबदारी मूत्रपिंडांवर येते आणि उरलेले आतड्यावाटे जाते. रक्तातील प्रमाण दर डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाही आणि सांध्यात त्याचे स्फटिक साचू लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड असतो आणि थंडाव्यात ते आणखी कमी विरघळते, हे पहिला झटका बहुधा तिथेच येण्याचे एक कारण आहे.

येथे एक हिशेब मनात पक्का केला पाहिजे. शरीरातील यूरिक ॲसिडपैकी सुमारे दोनतृतीयांश शरीर स्वतः तयार करते आणि जेवणातून येणारा वाटा साधारण एकतृतीयांश असतो. त्यामुळे अगदी काटेकोर पथ्यानेही आकडा बहुधा एका मिलिग्रॅमच्या आसपासच उतरतो. ज्याचे यूरिक ॲसिड ७ आहे त्याला पथ्य ६ च्या खाली नेऊ शकते, ज्याचे ९.५ आहे त्याला एकट्या पथ्याने तिथवर पोहोचता येणार नाही. तरीही पथ्याचे मोल कमी होत नाही, कारण झटका कधी येणार हे पुष्कळदा आदल्या दोन दिवसांच्या खाण्यापिण्यावर ठरते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, दोन दिवसांत सर्वाधिक प्युरिन खाणाऱ्या गटात झटक्याचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट आढळला, आणि मांस-मासळीतील प्युरिनचा परिणाम वनस्पतींतील प्युरिनपेक्षा कितीतरी मोठा होता.

मासळी

चेंदणी कोळीवाड्यापासून दिवाळे गावापर्यंत ज्यांचे जेवण मासळीशिवाय पुरे होत नाही, त्यांना 'मासे सोडा' असे सांगणे म्हणजे त्यांनी पथ्य पाळू नये अशीच व्यवस्था करणे आहे. मासळीत निवड आणि प्रमाण दोन्ही राखता येतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहावा लागेल.

सर्वांत आधी हात आवरायचा तो सुक्या मासळीवर. मासळी वाळली की तिच्यातील पाणी जाते आणि प्युरिन मागे राहते, त्यामुळे वजनाच्या मानाने ते कितीतरी दाट होते. जपानमध्ये मोजलेल्या तक्त्यांत ताज्या तारलीत १०० ग्रॅममागे सुमारे २१० मिलिग्रॅम प्युरिन आहे, तर अख्ख्या वाळवलेल्या छोट्या तारलीत ते ७०० च्या पुढे जाते. आपल्याकडची सुकट, जवळा, करदी आणि सोडे याच तर्काने पाहावेत. भाकरीसोबत चमचाभर सुकटीची चटणी खाणे आणि पावसाळ्यात ताजी मासळी मिळत नाही म्हणून आठवडाभर वाटीवाटीने जवळा खाणे यांत फरक आहे, हे मान्य. परंतु ज्याला वर्षातून दोन-तीन झटके येतात त्याने चटणीही टाळलेली बरी, निदान यूरिक ॲसिड आटोक्यात येईपर्यंत. सुक्या मासळीतील मीठ रक्तदाबालाही वाईट असते आणि गाउट असणाऱ्या पुष्कळांना रक्तदाबाचा त्रास असतोच.

त्यानंतर येते ती काट्या-पोटासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी, म्हणजे तारली, मांदेली आणि त्यांच्या जातीची इतर. बांगडा मधल्या पायरीवर आहे. कोलंबीबद्दल लोकांचा समज फार सौम्य असतो, पण तिच्यातील प्युरिन जातीनुसार १०० ग्रॅममागे दीडशेपासून पावणेतीनशे मिलिग्रॅमपर्यंत आढळते आणि कोलंबीचे कालवण कुणी दोन तुकड्यांवर थांबवत नाही. तिसऱ्या, कालवे आणि चिंबोऱ्या यांनाही सणावारापुरते ठेवावे. पापलेट, सुरमई, रावस, हलवा या मोठ्या मासळीतही प्युरिन आहेच, परंतु एका जेवणात तळहाताएवढा एक तुकडा आणि आठवड्यातून दोन वेळा एवढे प्रमाण ठेवले तर बहुतेकांना ते झेपते.

शिजवण्याची रीतही महत्त्वाची आहे. प्युरिन पाण्यात उतरते. त्यामुळे कालवणात तुकड्यातील काही प्युरिन रश्श्यात जाते, आणि भातावर तीन-तीन डाव रस्सा घेणारा माणूस तुकडा कमी खाऊनही ते पोटात घेतो. कालवण केले असेल तर तुकडा खावा, रस्सा भात ओला होण्यापुरताच घ्यावा. तव्यावर कमी तेलात भाजलेला तुकडा आणि सोबत चिंच-कोकमाचे साधे सार हा मला अधिक चांगला मार्ग वाटतो, कारण त्यात जेवणाची आंबट चवही राहते आणि ताट अपुरेही वाटत नाही.

मटण, हळदीचे जेवण आणि गटारी

कलेजी आणि गुर्दा हे गाउट असलेल्याने पूर्णपणे सोडावेत. येथे प्रमाणाची चर्चा नको. कोंबडीच्या कलेजीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक प्युरिन असते. मटण व चिकन दोन-तीन लहान तुकडे, आठवड्यातून एखाद्या वेळी, असे चालू शकते. पायाचे सूप हाडांना बळ देते म्हणून दुखऱ्या सांध्याच्या माणसाला मुद्दाम पाजले जाते, आणि मटणाचा अळणी रस्सा आजाऱ्याला हलका म्हणून दिला जातो. देणाऱ्याच्या मनात माया असते, पण तासन्‌तास उकळून मांसातले जे पाण्यात उतरते त्यात प्युरिनही असते. त्याऐवजी भाज्यांचे सूप द्यावे किंवा अंडे उकडून द्यावे. अंड्यात प्युरिन जवळजवळ नाही. मासे-मटण कमी केल्यावर प्रथिनांसाठी अंडे हा घरात सहज असलेला आधार आहे.

आषाढी अमावस्येच्या, म्हणजे गटारीच्या, सुमारास विशेष काळजी घ्यावी. मटण, बिअर, जागरण, कमी पाणी आणि पाठोपाठ श्रावणातला पहिला कडक उपवास, असे सगळे दोन-तीन दिवसांत एकत्र येते. मांसातील प्युरिन यूरिक ॲसिड वाढवते, मद्य ते मूत्रपिंडावाटे बाहेर जाण्यात अडथळा आणते आणि उपवासात शरीरात तयार होणारी कीटोन द्रव्येही तीच वाट अडवतात. ज्याला गाउट आहे त्याने त्या दिवशी पंगतीला जरूर बसावे, पण दोन तुकडे आणि वडे घेऊन, मद्याशिवाय. घरच्यांनीही आग्रह करू नये.

मद्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. बिअर सर्वांत वाईट, कारण मद्यार्काबरोबर तिच्यात स्वतःचे प्युरिनही असते. 'ती हलकी असते' हा समज गाउटच्या बाबतीत नेमका उलटा आहे. व्हिस्की-रम त्यानंतर. वाइनला काही अभ्यासांत सूट मिळालेली दिसते, परंतु आधीच गाउट असलेल्यांत तीही झटका आणू शकते. झटके चालू असताना मद्य शून्यावर आणावे.

साखर, ज्याकडे कुणी पाहत नाही

साखरेत प्युरिन नसते, म्हणून ती पथ्याच्या यादीत नसते. तरीही ती यूरिक ॲसिड वाढवते. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, आणि यकृतात फ्रुक्टोजवर प्रक्रिया होताना पेशीतील एटीपी हे ऊर्जाद्रव्य झपाट्याने खर्च होऊन त्याच्या अवशेषांतून यूरिक ॲसिड बनते. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात साखरेची थंड पेये रोज पिणाऱ्या पुरुषांत गाउटचे प्रमाण वाढलेले दिसले, साखरविरहित पेये पिणाऱ्यांत दिसले नाही. आपल्याकडे हे थंड पेयाच्या बाटलीपुरते नाही. स्टेशनबाहेरचा उसाचा रस, खोक्यातले आंब्याचे पेय, साखर घातलेले कोकम सरबत, गोड मिल्कशेक आणि 'नैसर्गिक' म्हणून घेतला जाणारा मध हे सगळे त्यात येते. फळ अख्खे खावे. त्यातील चोथ्यामुळे साखर सावकाश शिरते आणि ते पेल्याने ढोसले जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत वाशीच्या फळबाजारातून पेट्या घरी येतात तेव्हा जेवणासोबत एखादी फोड, फार तर अर्धा-पाऊण आंबा, हरकत नाही. साखर घातलेला आमरस वाट्यांनी घेणे मात्र टाळावे.

डाळ, पालेभाजी, ताक : जे परत आणायचे

डाळींवर झालेला अन्याय मुख्यतः तक्त्यांच्या वाचनातून झाला आहे. तक्त्यात आकडा असतो १०० ग्रॅम कोरड्या डाळीचा. वाटीभर वरणात डाळ असते पंचवीस-तीस ग्रॅम. शिवाय २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १२ वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट वाढलेला आढळला, परंतु वाटाणा, मसूर, पालक, फ्लॉवर, अळंबी अशा प्युरिनयुक्त वनस्पती खाणाऱ्यांत तो वाढलेला आढळला नाही, आणि दुग्धजन्य पदार्थ जास्त घेणाऱ्यांत तो कमी होता. ज्याने मासे-मटण कमी केले आहे त्याची डाळही काढून घेतली, तर त्याच्या ताटात भात आणि बटाटाच उरतो. वजन वाढते, साखर वाढते आणि गाउटही बळावतो. म्हणून दोन्ही जेवणांत मिळून वाटी-दोन वाट्या वरण, आमटी किंवा मटकी-मुगाची उसळ निश्चिंतपणे घ्यावी. ठाणेकराने मिसळ खाल्ली तर तिच्यातील मटकीची धास्ती बाळगू नये. तर्रीतले तेल, फरसाण आणि सोबतचे पाव यांचा विचार करावा. एखाद्याला विशिष्ट पदार्थ खाल्ल्यानंतर दर वेळी त्रास होतो असे नोंदी ठेवून दिसले, तर त्याने तो पदार्थ जरूर टाळावा. इतरांचे अनुभव ऐकून मात्र यादी वाढवत नेऊ नये.

दही-ताक आंबट असते म्हणून सांधे धरतात, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. गाउटमध्ये दोष यूरिक ॲसिडच्या स्फटिकांचा आहे, चवीच्या आंबटपणाचा नाही, आणि दुधातील प्रथिने यूरिक ॲसिड बाहेर टाकायला मदतच करतात. साय काढलेले दूध, घरचे दही आणि मीठ बेताचे घातलेले पातळ ताक रोज घ्यावे. ज्यांना कॉफीची सवय आहे त्यांनी ती सोडण्याचे कारण नाही. फक्त तिच्यातली साखर कमी करावी.

रोजचे जेवण यातून आपोआप उभे राहते. सकाळी पोहे किंवा घावन आणि एक उकडलेले अंडे. डब्यात ज्वारीची भाकरी किंवा पोळी, एक पालेभाजी, घट्ट वरण, काकडी आणि बाटलीत ताक. संध्याकाळी चणे-कुरमुरे आणि बिनसाखरेचे लिंबूपाणी. रात्री भाकरी, भाजी, आमटी, आणि आठवड्यातील दोन दिवस पापलेट किंवा सुरमईचा एक तुकडा. एका माणसासाठी वेगळे शिजवण्याची पद्धत मी सुचवणार नाही. ती स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीवर ओझे टाकते, महिन्याभरात मोडते आणि रुग्णाला पंक्तीत परके करते. त्यापेक्षा सगळ्या घराचे पातेले थोडे बदलावे.

पाणी, प्रवास आणि उपवास

मूत्रपिंडांना काम करायला पाणी लागते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेली नसेल, तर दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी प्यावे. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात घामामुळे ते त्याहून जास्त लागते. अडचण अशी की ठाण्याहून पनवेलकडे किंवा मुंबईकडे लोकलने जाणारी असंख्य माणसे, विशेषतः स्त्रिया, वाटेत अडचण नको म्हणून सकाळी पाणी पीतच नाहीत. लोकलमध्ये शौचालय नाही आणि स्थानकांवरची सोय अनेकदा नको वाटते, त्यामुळे हा त्यांचा दोष नव्हे. मग प्रवासाचे तास वगळून आखणी करावी : उठल्याबरोबर पेलाभर, कामाच्या जागी पोहोचल्यावर लगेच दोन पेले, दुपारच्या जेवणापर्यंत एक बाटली, निघण्याच्या तासभर आधी थांबणे, घरी आल्यावर पुन्हा दोन पेले आणि झोपताना एक. लघवीचा रंग फिका राहिला की पाणी पुरते आहे असे समजावे. यूरिक ॲसिडचे मूतखडे होऊ शकत असल्यामुळे ही सवय दुहेरी उपयोगाची आहे.

उपवास निर्जळी करू नये. एकादशी, संकष्टी, नवरात्र करायचे असेल तर दूध, ताक, फळे, राजगिरा, वरी घेत करावे आणि पाणी सोडू नये. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने निश्चित लाभ होतो, परंतु महिन्याला दोन किलोच्या बेतानेच. पंधरा दिवसांत पोट उतरवणारे उपासमारीचे किंवा फक्त मांस-अंड्यांवरचे आहार झटका ओढवून आणतात.

झटका आला असताना, आणि औषधाबद्दल

सांधा सुजलेला असताना पथ्याने तो त्या दिवशी बरा होत नाही. पाय उशीवर उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, चोळू नये, शेकू नये, पाणी भरपूर प्यावे आणि डॉक्टरांचे औषध शक्य तितके लवकर सुरू करावे, कारण कोल्चिसिनसारखी औषधे पहिल्या बारा तासांत घेतली तर जास्त उपयोगी पडतात. मेडिकलमधून स्वतःच वेदनाशामक गोळ्या आणून आठवडाभर घेणे मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. लेबल नसलेल्या पुड्या कधीही घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत.

वारंवार झटके येत असतील, सांध्याभोवती किंवा कानाच्या पाळीवर गाठी आल्या असतील, किंवा मूत्रपिंडाचा आजार सोबत असेल, तर यूरिक ॲसिड कमी करणारे औषध लागते आणि ते घ्यावे लागणे हा पथ्यात कमी पडल्याचा पुरावा नाही. ॲलोप्युरिनॉल १९६० च्या दशकापासून वापरात आहे. डॉक्टर ते कमी मात्रेने सुरू करून वाढवत नेतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत साचलेले स्फटिक विरघळू लागल्याने झटके वाढू शकतात. नेमक्या याच वेळी 'औषधाने उलट त्रास झाला' म्हणून पुष्कळ जण ते सोडून देतात. सोडू नये, त्या काळासाठी संरक्षक औषध डॉक्टर देतात. अंगावर पुरळ उठले किंवा तोंडात फोड आले, तर मात्र गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे.

रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठीही सोबत न्यावी. लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइडसारखी औषधे आणि कमी मात्रेतील ॲस्पिरिन यूरिक ॲसिड वाढवतात, तर रक्तदाबाचेच लोसार्टन ते थोडे उतरवते. ही औषधे स्वतःहून बंद करायची नाहीत, पण बदल शक्य आहे का हे विचारायचे आहे. त्यानंतर यूरिक ॲसिडची तपासणी औषधाची मात्रा ठरेपर्यंत डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतराने आणि पुढे सहा महिन्यांनी करावी. आकडा ६ च्या खाली, आणि गाठी असल्यास ५ च्या खाली, ठेवायचा असतो. प्रत्येक अहवालाच्या मागे त्या आठवड्यात काय खाल्ले-प्याले आणि झटका आला का, हे दोन ओळींत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टरांना मात्रा ठरवताना त्याचा उपयोग होतो.